लाल खुणेचा काटकोन

२४ जानेवारी

आले एकदाची कुडपणला. काल वीर स्टेशनवर चार खोकी, एक तिपाई, एक वळकटी आणि मी असा लवाजमा उतरला, तर रिक्षावाला विचारतो, ताई, रुखवत कुणाचं? म्हटलं, माझंच, चला मुकाट्यानं महाडला. रात्री घरी अम्मीने तीनदा विचारलं की महाडला आकाश नाही का. आकाश आहे अम्मी, पण त्यात एमआयडीसीचे दिवेही आहेत. नशरा, माझी धाकटी बहीण, नवं लाल नेलपॉलिश नाचवत होती. ते मी हिसकावून सत्कारणी लावलं. उजेडाच्या कंपनाची दिशा मोजणाऱ्या माझ्या ध्रुवणमापीच्या फिरत्या काचेवरची शून्याची खूण पुसट झाली होती, तिच्यावर ठसठशीत लाल टिंब दिलं. जेवणाच्या टेबलावर, नशराची टकळी चालू असताना. एक काम उरकलं.

आज सकाळी हारूनचाचांनी त्यांच्या जीपमधून वर आणून सोडलं. इरशादभाईने मस्कतहून पाठवलेला पोलरॉइड गॉगल घालून सगळा घाट बघितला. रस्त्याची चकाकी एकदम मरते त्याने. चाचा म्हणाले, नौशीन, तू सिनेमात जायचं सोडून हे काय धरलंस. मजा आली.

वाडी नऊ घरांची, गावाच्या वरच्या अंगाला. मुलं नाहीत म्हणून बंद पडलेली शाळा मला राहायला दिली आहे. दोन खोल्या, पक्की भिंत, वर स्लॅब. एकीत मी. दुसरीत जुने बाक रचलेत, तिचं बाहेरचं दार फळ्या ठोकून बंद केलंय, आणि दोन खोल्यांच्या मधल्या दाराला कुलूप. किल्ली माझ्याच खोलीत खिळ्याला. बनुबाईंनी फरशी पुसून लख्ख ठेवली होती. जेवण त्यांच्याकडेच. नवरा सदूभाऊ, शेती आणि दोन बैल. माझ्या नावावरून कुणी नाक मुरडेल अशी तयारी ठेवून आले होते. कुणी विचारलंही नाही. नाक मुरडलं ते दुर्बिणीचं खोकं बघून.

काम लिहून ठेवते, म्हणजे पुढे कंटाळा आला की आपण का आलो ते कळेल. काही दीर्घिकांच्या पोटात क्वेसार असतो. सगळ्या दीर्घिकेपेक्षा प्रखर, पण धुळीच्या जाड कड्याआड दडलेला. सरळ बघितलं तर काहीच दिसत नाही. मात्र तो धूळ बाहेर फेकत असतो, आणि त्या फेकलेल्या धुळीवर त्याचा उजेड आपटून आपल्याकडे वळतो. असा वळलेला उजेड ध्रुवित होतो, म्हणजे त्याचं कंपन एकाच रेषेत येतं. त्या रेषेला काटकोन करून रेघ ओढली की ती थेट लपलेल्या दिव्याकडे जाते. दोन-चार ठिकाणची धूळ मोजा, रेघा ओढा, त्या भेटतात तिथे तो. एवढंच माझं पाच वर्षांचं पीएचडी. नवा ध्रुवणमापी इथे तपासायचा, अठरा फेब्रुवारीपर्यंत परत न्यायचा, की मार्चमध्ये हिमालयातल्या मोठ्या दुर्बिणीवर तीन रात्री आपल्या. माझ्या गाइड अनुपमा मॅडमनी बजावलंय की पहिल्या रात्री शून्य तपास. कोन माहीत असलेला तारा लावायचा आणि टिंब बरोबर आहे ना बघायचं. उद्या.

२६ जानेवारी

उद्या कसली. इथे रोज संध्याकाळी धूर करतात.

माळाच्या कडेने दगडांचे सात खळगे आहेत. दिवस कलला की पाळीचं घर तिथे ओला पाला, गोवऱ्या, भाताचा कोंडा घालतं आणि धूर सोडतं. धुरी म्हणतात. वाडीभोवती धुराचं कुंपण उभं राहतं आणि ते रात्री दहा-अकरापर्यंत हलत नाही. त्यातून तारा बघायचा म्हणजे पिठाच्या गिरणीत मोती ओवायचे. धुरीचा विस्तव हैबतीबाबा आणतात. हे सदूभाऊंचे चुलते, ऐंशीच्या घरातले. काडी कधी ओढायची नाही, कालच्या निखाऱ्यावर आजची धुरी. का, तर वहिवाट हाय. माश्यांसाठी का? हां, माशांसाठीबी. असं उत्तर.

दुसरी गंमत. काल धुरी लागल्यावर माझं पाणी संपलं म्हणून कळशी घेऊन बनुबाईंचं दार वाजवलं. आत दिवा, आत माणसं, आणि दार कुणी उघडेना. चार हाका मारल्या. शेवटी घसा कोरडा तसाच घेऊन परत आले. आज सकाळी बनुबाई म्हणाल्या की राग नको मानू गो बाय, धुरी लागली की हाकेला दार उघडायचं नसतं, मग आवाज आपल्या पोरीचा का असेना. मी राग मानलाच.

त्यांची मुलगी अंकिता पहिलटकरीण आहे, माहेरी आलीय, नववा लागलाय. डी.एड. झालेली, बोलकी. तिला धुराने ठसका लागतो तो शाळेपर्यंत ऐकू येतो. कुणाला त्याचं काही नाही.

२९ जानेवारी

आज हैबतीबाबांना माझं काम समजावून सांगितलं. ते शाळेच्या पायरीवर तंबाखू मळत बसले होते. म्हटलं, फार लांब एक दिवा आहे, धुळीत लपलेला, दिसत नाही, पण धूळ बाहेर टाकतो आणि त्या धुळीवरून आम्ही त्याचा पत्ता लावतो. वाटलं, हसतील. त्यांनी तंबाखू तशीच हातात ठेवली. विचारलं, पत्ता लावून करता काय? म्हटलं, काही नाही, कळतं. म्हणाले, आमचंबी तसंच हाय. पर आमी पत्ता लावत नाय. त्याच्याफुडं धूर धरतो, का त्याला आपला पत्ता लागू नये.

मग खालच्या उतारावर हात केला. तिथे घरांची अकरा जोती आहेत, नुसती. मला वाटत होतं लोक मुंबईला गेले. बाबा म्हणाले, त्यांच्या आज्याच्या वेळी धुरी आठवडाभर बंद पडली, दरीतून ते वर आलं, आणि मग घाबरून लोकांनी घाईघाईत धुरी लावली. पण ते तोवर धुरीच्या आत आलं होतं. आत असताना धुरी लावली तर ते आतच कोंडलं जातं, माणसांबरोबर. अकरा घरं.

गोष्ट चांगली आहे. पण मला माझे तारे दिसत नाहीत त्याचं काय?

३१ जानेवारी

आठ दिवसांत एकही धड रात्र नाही. मॅडमचा मेल आला. शून्य तपासला का, नसेल तर काम थांबव. माळावरच्या टेकाडाशिवाय कुठे रेंज नाही. तिथे उभी राहून लिहिलं: तपासला, ठीक आहे.

खोटं लिहिलं. टिंब मी स्वतः दिलंय, चुकणार कसं. आभाळ मोकळं झालं की पहिली तेच करीन.

आणि मोकळं होईलच. अंकिता सकाळी खोकून खोकून ओकली. मी टेकाडावरूनच वनरक्षकाला फोन लावला. कोरडं गवत, उघडे खळगे, रोज आग, वर नववा महिना भरलेली बाई धुरात गुदमरतेय. हे शेवटचं जरा चढवून सांगितलं. माझ्या दुर्बिणीचं काही बोलले नाही.

२ फेब्रुवारी

वनरक्षक आला, रीतसर बोलला, वणव्याचा नियम सांगितला आणि सातही खळग्यांत हंडेच्या हंडे पाणी ओतलं. वाडी बघत उभी. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर सदूभाऊ माझ्याजवळ आले. फक्त एवढं विचारलं की ताई, तुमी फोन क्येला? मी हो म्हटलं. ते मान हलवून गेले. दुपारी जेवण आलं नाही. संध्याकाळी अंकिता पदराखाली भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आली, म्हणाली की आईला सांगू नका. तिला म्हटलं, आज रात्री तू नीट झोपशील. म्हणाली, आज कुणी झोपणार नाही ताई.

४ फेब्रुवारी

आभाळ असं की हातात यावं. दोन रात्रींत वीस तारे मोजले. ध्रुवण किती टक्के, ते चोख येतंय. कोनाचं शेवटी एकदम बघेन, टक्केवारी आधी पूर्ण करू. पाहिलं? धूर नसला की होतं काम.

वाडीने बोलणं टाकलंय. विहिरीवर गेले तर बायका कळशी उचलून बाजूला होतात, दोर मात्र ओला करून ठेवतात म्हणजे मला ओढायला जड जावा. करा. मी महाडच्या बाजारात वाढलेली आहे, असल्या नखऱ्यांनी मी जात नाही.

एक कटकट. मधल्या दाराखालून धूळ येते. बारीक, लाल, पिठीसारखी. फटीपासून पंख्यासारखी पसरते, माझ्या खोलीच्या मध्यापर्यंत. सकाळी झाडली, दुपारी परत. बाकांच्या खोलीत खिडकीसुद्धा नाही, वारा येतो कुठून.

६ फेब्रुवारी

सदूभाऊंचा बैल मेला. भर दुपारी, माळावर. बघायला गेले तर मला कुणी हाकललं नाही, उलट वाट करून दिली. बघ म्हणाले.

डोळे पांढरे. उकडलेल्या अंड्यासारखे. नाकपुड्यांत लाल धूळ गच्च भरलेली, बोटाने निघेना. आजूबाजूचं गवत सगळं बाहेरच्या बाजूला झोपलेलं, गोल, जणू मधून कुणी फुंकलं. काल वारा नव्हता. परवाही नव्हता.

वीज पडली असेल म्हटलं. फेब्रुवारीत? असं कुणी विचारलं नाही. मीच मला विचारलं.

दोनदा झाडलं आज.

८ फेब्रुवारी

हैबतीबाबा गेले.

वनरक्षक पाणी ओतत होता तेव्हा त्यांनी एक निखारा मडक्यात घालून घरी नेला होता. सहा दिवस राखेत जपला. काल संध्याकाळी कुणाला न सांगता एकटेच मडकं घेऊन पहिल्या खळग्यावर गेले. आज सकाळी तिथे बसलेले सापडले. मांडीवर मडकं, निखारा जिवंत. डोळे पांढरे. तोंड उघडं, आणि तोंडात

मला उचलू लागू दिलं नाही. बनुबाई माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या की तुझं आभाळ दिसलं ना गो बाय, आता बघ. शिवी दिली असती तर सोसली असती. शाळेत येऊन रडले. माझ्यामुळे झालं. दुसरं कारण शोधून बघितलं, सापडत नाही.

९ फेब्रुवारी

आज सकाळी पाच घरं गेली. कुणी पोलादपूरला, कुणी बिरवाडीला भाड्याच्या खोलीत असलेल्या भावाकडे. दोन कालच गेली होती. उरलं शेवटचं एक म्हातारं जोडपं, तेही आज दुपारी निघतंय. राहणार सदूभाऊंचं घर. अंकिताला चालवत खाली नेणं शक्य नाही, कळा आज येतील की चार दिवसांनी, सांगता येत नाही. टेकाडावर जाऊन हारूनचाचांना फोन केला. जीपचं इंजिन उतरवलंय, बारा तारखेला सकाळी नक्की येतो म्हणाले. दुसरी गाडी बघा म्हटलं. बघितल्या त्यांनी. कुडपणची वरची वाडी म्हटलं की कुणी हो म्हणत नाही, बातमी खाली पोहोचलीय.

मडक्यातला निखारा सदूभाऊंनी जपलाय. मग धुरी का लावत नाही, म्हणून त्यांच्या दारात जाऊन विचारलं. त्यांनी खालची जोती दाखवली. ते धुरीच्या आत हाय का भायेर, कोण सांगनार? भायेर असल तर आत्ता लावतो. आत असल तर आमीच आमाला कोंडू.

कोण सांगणार.

मी सांगू शकते. हेच तर शिकलेय. दिवा दिसत नसला तर धूळ बघा.

१० फेब्रुवारी

बघितली.

दुर्बीण काढली, ध्रुवणमापी कॅमेऱ्याच्या लांब भिंगावर बसवला आणि टेकाडावरून खाली रोखला. तिथून वाडी, शाळा, माळ, सात खळगे, सगळं ताटात वाढल्यासारखं दिसतं. सूर्य बुडल्यावर वीस मिनिटं. नुसत्या डोळ्यांना काही नाही. लाल टिंब फिरवत चार कोनांत फोटो घेतले, एकातून दुसरा वजा केला.

धूळ उजळलेली आहे. तीन ठिकाणी. बैल पडला तिथे, विहिरीमागे, शाळेच्या अंगणाच्या टोकाला. सूर्य नाही, चंद्र नाही, दिवा नाही. कशाचा तरी उजेड त्या धुळीवर पडतोय, आणि तो ध्रुवित आहे. साठ टक्के. मी आकाशात एवढं कधी मोजलं नाही.

भीती वाटली, पण खरं सांगायचं तर आनंदही झाला. लाज वाटते लिहायला.

११ फेब्रुवारी

आज परत घेतले. तेच. रेघा ओढल्या.

बैलाजवळची आणि विहिरीमागची, या दोन्ही रेघा माळ ओलांडून जातात आणि चौथ्या खळग्याच्या पलीकडे भेटतात. धुरीच्या बाहेर. दरीच्या तोंडाशी, जिथून रस्ता उतरतो. अंगणाच्या टोकाची तिसरी रेघ जुळत नाही, भलतीकडेच जाते. तिथला उजेड मंद आहे, फोटोही हललाय. ती सोडली. खराब वाचन सोडून द्यायचं असतं.

बाहेर आहे. बाहेर.

धावत खाली आले, कागद सदूभाऊंपुढे ठेवला. त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं. मग बनुबाईंना हाक मारली. बनुबाई कागदाकडे बघेनात, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. विचारलं, खात्री हाय का तुझी? म्हटलं, माझ्या आईची शपथ. त्यांनी माझा हात धरला. नऊ दिवसांनी पहिल्यांदा जेवायला वाढलं.

ठरलं ते असं. उद्या धुरी लावायची, सात खळग्यांचा पाला-गोवऱ्या जमवायला दिवस जाईल. एक रात्र धुरी लागली की ते दरीत उतरतं, असं हैबतीबाबा सांगायचे. मग परवा सकाळी रस्ता मोकळा. उद्या मात्र जीप त्याच्या अंगावरूनच आणावी लागेल, रस्ता तिथूनच जातो. म्हणून परत टेकाडावर जाऊन हारूनचाचांना कळवलं, उद्या येऊ नका, परवा या. ते इंजिन जोडून तयार बसले होते, चिडले. मी ठामपणे सांगितलं. मोजून सांगतेय म्हटलं.

सदूभाऊंचं घर कुडाचं. म्हणून उद्या रात्री तिघांनी शाळेत राहायचं, माझ्या खोलीत. वाडीत पक्की भिंत तेवढीच.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

सदूभाऊंनी सातही खळग्यांत विस्तव घातला. धूर चांगला धरलाय.

अंकिताला वळकटीवर निजवलं. कळा बारीक सुरू आहेत, पण ती हसतेय. म्हणाली की मुलगी झाली तर नाव तुम्ही सांगा. जाण्याआधी पुन्हा खोली झाडली, मधल्या दारापाशी बरीच धूळ होती. शेवटचा फोटो घ्यायला जाते म्हटलं, धुरी लागली की परतायचं नाही, टेकाडावरच रात्र काढीन. बनुबाईंना त्यांचाच नियम मी सांगितला: आतून कडी घाला, हाकेला उघडू नका, आवाज माझा असला तरी. त्या म्हणाल्या की आता शिकलीस.

टेकाडावर आहे. फोटो घेतला. मावळतीचा उजेड डोळ्यांवर येत होता म्हणून इरशादभाईचा गॉगल घातला, आणि घातल्या घातल्या ध्रुवणमापीची काच तपासायला वर धरली.

काळी.

गॉगलची काच उभा उजेड आत सोडते, आडवा मारते. रस्त्याची चकाकी आडवी, म्हणून ती मरते. माझं लाल टिंब वर, म्हणजे माझीही काच उभी. उभीतून उभी स्वच्छ दिसायला हवी. काळी दिसली. टिंब आडवं केलं. स्वच्छ.

परत केलं. परत केलं. परत

टिंब चुकीच्या जागी आहे. काटकोनात. नशरा बोलत होती आणि मी काचेच्या कडेच्या एका ओरखड्यावर टिंब दिलं, खुणेवर नाही. एका रात्रीचं काम होतं. एक तारा. मी लिहिलं, तपासला.

सगळ्या रेघा नव्वद अंशांनी फिरवायच्या

—

फिरवल्या. तिसरी पण घेतली. सोडलेली.

आता तिन्ही भेटतात. केसाचाही फरक नाही. कालच्या, परवाच्या, सगळ्या.

शाळा. माझी खोली नाही, शेजारची. बाकांची.

चार तारखेपासून मी त्याच्या दारासमोरची धूळ झाडत होते. त्याने मला का सोडलं — कोण जाणे. एकटी होते म्हणून — की बाहेर अजून माणसं होती —

फोन. त्यांच्यापैकी कुणाचाच लागत नाही, खाली वाडीत रेंज नाही. चाचांचा लागला, आत्ता निघतो म्हणाले. दोन तास. धुरीच्या आत ते तिघं. आणि ते. मी कोंडलं त्यांना. मीच —

खाली जाते.

—

दार उघडत नाहीत.

दगडाने वाजवलं. घसा फुटला ओरडून. फळ्या ठोकलेलं दुसरं दार हलत नाही. खळगे विझवायला गेले, एक विझला, सहा जळतायत, हात भाजले. वेळ नाही. परत आले. मी नौशीन म्हटलं, अंकिताला तिच्या बाळाच्या नावाचं सांगितलं. बनुबाई आतून देवाचं नाव घेतायत, मोठ्याने, माझा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. सदूभाऊ ओरडले, चालती हो, आमची ताई टेकाडावर हाय.

मग अंकिताचा आवाज आला. वडिलांना म्हणत होती की बाबा, ताई टेकाडावर नाही, ती मागनं आत आलीय वाटतं, शेजारच्या खोलीत आहे. दाराखालून तिचा दिवा दिसतोय.

हे पान फाडून दाराखालून सरकवते. माझं अक्षर अंकिता ओळखते.

अंकिता, मी बाहेर आहे. बाहेर. नेलपॉलिशचं टिंब चुकलं, सगळं उलटं सांगितलं मी, माफ नको करू, फक्त वाच. शेजारच्या खोलीत मी नाही. तो दिवा माझा नाही. त्या दाराकडे बघू नका, पाठ करा, तोंडावर पदर घ्या, कडी काढा आणि माझ्याकडे या, मी हात धरते. बाबांना सांग. आणि खिळ्यावरची किल्ली — आत्ता किल्लीचा आवाज आला, अंकिता, बनुबाईंचा हात धर, त्यांना सांग ते कुलूप